न लिहिलेले पत्र

आमच्या हातांचा कष्टाशी आलेला संबंध खडू आणि तांबडी शाई यांच्यापलीकडे कधी गेला नाही. घरात खिळा ठोकावयाचा झाला तर हातोडी आमच्या हाती पडू नये याची खबरदारी आमच्या सौभाग्यवती गेली पंचवीस वर्षे घेत आल्या आहेत. अशा माणसाने विलायतेत जाऊन एका सव्वाशे वर्षांच्या नौकेचा रंग दोन दिवस खरवडला, असे आम्ही परत आल्यावर सांगितले तेव्हा घरात कोणी ते खरे मानले नाही. पुरावा म्हणून आम्ही उजव्या तळहातावरचा फोड पुढे केला. तो बॅगा उचलून आला असावा, असा निकाल मिळाला.

आमचे चिरंजीव कोल्चेस्टरच्या विद्यापीठात शिकतात. गेल्या वसंतात त्यांच्याकडे महिनाभर राहण्याचा योग आला. मुलाने बापाला एक आठवडा कौतुकाने हिंडवावे आणि पुढे त्याचा अभ्यास निघावा, हा क्रम सर्व देशांत सारखाच असावा. दुसऱ्या आठवड्यापासून आम्ही एकटेच गाडीत बसून एसेक्स परगण्यातली गावे पाहू लागलो. इंग्रजीच्या अध्यापकाला त्या देशात वाटाड्या लागत नाही. प्रत्येक स्टेशनाचे नाव कोठल्या तरी पुस्तकात वाचलेले असते. अशा एका दिवशी वॉल्टन-ऑन-द-नेझ या गावी उतरलो. उत्तर समुद्रात शिरलेले ते जमिनीचे एक नाक आहे. त्यावर खलाशांना खूण म्हणून १७२० साली बांधलेला एक मनोरा उभा आहे, आणि त्याच्या पुढचा कडा दर वर्षी थोडा थोडा ढासळून समुद्रात जात आहे. मनोऱ्याच्या मागे खाड्यांचे आणि चिखलाच्या बेटांचे जाळे पसरलेले आहे. आर्थर रॅन्समने आपली मुलांसाठी लिहिलेली एक सुप्रसिद्ध कथा याच खाड्यांत घडविली आहे. ती जागा पाहावी एवढ्याच हेतूने आम्ही तिकडे वळलो होतो.

खाडीच्या काठी जमिनीवर ओढून ठेवलेली एक नौका दिसली. तिच्याभोवती सहा-सात म्हातारी माणसे होती. कोणी पोटाशी आडवा पडून तळ घासत होता, कोणी शिडीवर चढून कडेचा रंग काढीत होता, आणि एक बाई किटलीतून चहा ओतीत होत्या. आम्ही थोडा वेळ पाहत उभे राहिलो. इंग्रज माणूस परक्याशी बोलत नाही अशी जी समजूत आपल्याकडे आहे ती काम करीत नसलेल्या इंग्रजापुरती खरी असावी. शिडीवरच्या गृहस्थांनी वरूनच विचारले, "नुसते पाहणार, की हात लावणार?" आणि आम्ही काय उत्तर द्यावे हे ठरवीत असतानाच खालच्या एकाने आमच्या हातात खरवडणी दिली.

त्या नौकेचे नाव 'जेम्स स्टीव्हन्स क्रमांक १४'. ती लाईफबोट, म्हणजे जीवनौका. या शब्दाने आपल्याकडील वाचकाच्या डोळ्यांपुढे मोठ्या आगबोटीच्या कडेस टांगलेल्या होड्या उभ्या राहतात. १९१२ साली 'टायटॅनिक' बुडाली तेव्हा ज्या अपुऱ्या पडल्या त्या. पण इंग्लंडच्या किनाऱ्यावरचा माणूस हा शब्द उच्चारतो तेव्हा त्याच्या मनात निराळी वस्तू असते. ही नौका जहाजावर नसते, गावात असते. दूर वाळूच्या दांड्यावर जहाज रुतल्याची खूण मिळाली की गावातले कोळी, नावाडी, दुकानदार हातातले काम टाकून धावतात आणि ज्या वादळातून इतर सगळे घराकडे वळतात त्या वादळात ही नौका घेऊन बाहेर पडतात. त्यांना पगार नसतो. हा उद्योग चालविणारी संस्था १८२४ साली सर विल्यम हिलरी नावाच्या गृहस्थाच्या खटपटीने लंडनला स्थापन झाली आणि तेव्हापासून मुख्यतः लोकांच्या वर्गण्या, देणग्या आणि मृत्युपत्रे यांवर चालत आली आहे. २०२४ साली तिला दोनशे वर्षे झाली. त्या दोनशे वर्षांत तिने वाचविलेल्या माणसांचा आकडा १,४६,००० च्या वर गेला आहे. हिलरीसाहेब स्वतः साठीच्या घरात असताना नौकेतून जात असत आणि त्यांना पोहता येत नसे असे सांगतात. हे ऐकल्यावर आम्हास पन्नाशी उलटल्याची सबब सांगून खरवडणी खाली ठेवणे जड गेले.

नौकेला जेम्स स्टीव्हन्सचे नाव कसे पडले हीही गंमतच आहे. हा गृहस्थ बर्मिंगहॅमचा. इंग्लंडात समुद्रापासून जितके दूर राहता येईल तितके दूर ते गाव आहे. त्याने मरताना या संस्थेस पन्नास हजार पौंड ठेविले. त्या रकमेतून वीस नौका बांधण्यात आल्या, आणि कृतज्ञता व काटकसर यांचा मेळ घालून संस्थेने त्या सगळ्यांना त्याचेच नाव देऊन पुढे आकडे घातले. वॉल्टनला आली ती चौदावी. चौथी कॉर्नवॉलमधील पॅडस्टो येथे होती. ती वाफेवर चालत असे. ज्या १९०० साली चौदावी वॉल्टनला दाखल झाली त्याच साली ही चौथी वादळात उलटली आणि तिच्यावरील अकरा माणसांपैकी आठ बुडाली. म्हणजे एकाच माणसाच्या पुण्याचे वीस भाग झाले आणि प्रत्येकाचे नशीब वेगळे निघाले.

चौदावी नौका थेम्स नदीकाठच्या 'थेम्स आयर्नवर्क्स' या कारखान्यात बांधली गेली. लांबी त्रेचाळीस फूट, अंग रुंद, चाल शिडांची आणि वल्ह्यांची. नॉर्फोक आणि सफोक या परगण्यांच्या किनाऱ्यावरील नावाड्यांना जी घडण पसंत होती तीच तिला दिलेली. लाटेने उलटली तर आपोआप सुलटी होणाऱ्या नौका त्या काळी निघाल्या होत्या, पण या भागातले लोक त्यांवर विश्वास ठेवीत नसत. सुलटी होणारी हवी कशाला, न उलटणारी द्या, असे त्यांचे म्हणणे. यासाठी एक विलक्षण युक्ती असे. नौका पाण्यात गेली की बुचे काढून समुद्राचेच पाणी तिच्या पोटातल्या ठरलेल्या जागी घ्यावयाचे. त्या भाराने ती जड होऊन लाटांत स्थिर राही, आणि किनाऱ्यास ओढताना तो भार अंगावर नसे. १९०६ साली तिला पेट्रोलचे यंत्र बसविण्यात आले. अजून हयात असलेल्या मोटारीच्या जीवनौकांत ती सर्वांत जुनी मानतात.

तिच्या कामगिरीतली एकच हकीकत सांगतो. २९ डिसेंबर १९१७. महायुद्धाचे दिवस, थंडी कडाक्याची, वारा सोसाट्याचा. 'पेरेग्रिन' नावाची आगबोट लाँग सँड नावाच्या वाळूच्या दांड्यावर चढली. उतारू आणि खलाशी मिळून तिच्यावर ९२ माणसे होती. ही त्रेचाळीस फुटी नौका तेथे गेली आणि त्या ९२ ही माणसांना जिवंत घेऊन आली. आमच्याशेजारी तळ घासणाऱ्या गृहस्थांनी ही हकीकत मान वर न करता सांगितली, आणि शेवटी म्हणाले, "ज्या फळीवर तुम्ही आता घासता आहात ना प्रोफेसर, तिच्यामागे कोणी तरी बसले असेल." आम्ही जरा हलक्या हाताने घासू लागलो. तेव्हा ते म्हणाले, "हलके नको. रंग निघाला पाहिजे."

१९२८ साली नवी नौका आली आणि हिला विकून टाकण्यात आले. ती नवी नौका पुढे १९४० साली डंकर्कला जाऊन आली; तिची कथा स्वतंत्र आहे. जुन्या जीवनौकांच्या वाट्यास येते तेच हिच्याही वाट्यास आले. एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जात जात ती माल्डनच्या खाडीत राहण्याचे घर होऊन बसली. माल्डन म्हटले की इंग्रजीच्या अध्यापकास ९९१ सालची लढाई आठवते आणि तीवरचे ते जुने काव्य आठवते, ज्याचा आरंभही हरवला आहे आणि शेवटही. त्याच गावच्या चिखलात ही नौका सापडावी हे आम्हास शोभून दिसले. १९९८ साली फ्रिंटन अँड वॉल्टन हेरिटेज ट्रस्ट या स्थानिक मंडळाने ती विकत घेतली, आणि २००९ साली ती पुन्हा पाण्यात उतरली. मध्ये अकरा वर्षे गेली.

या अकरा वर्षांवर आमचे मन दोन दिवस खिळून होते. लाकडाचे काम म्हणजे काय याची आम्हास कल्पना नव्हती. त्या काळच्या अशा नौकांचे अंग महोगनीच्या पातळ फळ्यांचे दोन थर एकमेकांवर तिरपे, फुलीसारखे बसवून केलेले असे. दोहोंच्या मध्ये सफेत्यात भिजविलेले कापड घालीत, आणि तांब्याचे खिळे आरपार मारून आतून चकतीवर त्यांचे तोंड ठोकून बसवीत. असे खिळे एका नौकेत हजारांनी मोजावे लागतात. बाहेरच्या थरातील एक फळी कुजली तर ती काढण्यासाठी किती खिळे उपटावे लागतात, आणि ते उपटताना आतली चांगली फळी फुटू नये म्हणून किती जपावे लागते, हे आम्हास शिडीवरच्या गृहस्थांनी दाखविले. फासळ्यांचे लाकूड वाफेच्या पेटीत शिजवून मऊ झाले की काढावयाचे आणि थंड होण्याच्या आत जागेवर वाकवून बसवावयाचे. ते चुकले तर लाकूड मोडते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मोठे काम अर्थातच जाणत्या सुतारांचे. परंतु सुताराला मजुरी द्यावी लागते, मजुरीसाठी पैसा लागतो, पैशासाठी अर्ज लागतात; आणि एकदा नौका उभी राहिली म्हणजे दर वर्षी ती वर ओढून घासावी, रंगवावी लागते. हे सारे कोण करणार? ही म्हातारी मंडळी करतात. त्यांत एक निवृत्त शाळामास्तर होते, एक विजेचे काम करणारे होते, एक बँकेतले होते. समुद्रावर जन्म काढलेला असा त्यांत एकच होता आणि तो सर्वांत कमी बोलत होता.

प्लुटार्काने थीसियसच्या जहाजाची गोष्ट लिहून ठेविली आहे. अथेन्सच्या लोकांनी ते जपून ठेविले, कुजलेली फळी काढून नवी घालीत गेले, आणि शेवटी ते तेच जहाज की दुसरे असा वाद तत्त्ववेत्त्यांत लागला. आम्ही हा वाद शाळामास्तरांपुढे मांडला. ते हसून म्हणाले की असा प्रश्न दर उन्हाळ्यात निदान दहा जण विचारतात आणि त्यांतला एकही खरवडणी हाती घेत नाही. तुम्ही निदान घासता घासता विचारलात. मग त्यांनी आम्हास आत नेऊन हाताने चाचपून कोठे जुने लाकूड आहे आणि कोठे नवे ते दाखविले. डोळ्यांनी आम्हास फरक कळला नाही. हाताला मात्र थोडा कळला, किंवा कळला असे वाटले.

चहाच्या वेळी किटलीवाल्या बाईंशी बोलणे निघाले. आम्ही विचारले, सर्वांत अवघड काम कोणते होते? यंत्र, फळ्या, की शिडे? त्या म्हणाल्या, "पत्रे." आम्हास अर्थ कळेना. त्यांनी स्पष्ट केले: पैसे मागण्याची पत्रे, परवानगीची पत्रे, जुन्या नकाशांसाठी पत्रे, लाकडासाठी पत्रे. "पहिल्या पत्राला कोणीच उत्तर देत नाही," त्या म्हणाल्या, "म्हणून आम्ही पहिले पत्र धरतच नाही. ते नुसते आहोत म्हणून कळविण्यासाठी. दुसऱ्यापासून मोजायचे."

हे वाक्य त्यांनी सहज उच्चारले, आणि बिस्किटांचा डबा आमच्यापुढे केला. आम्हास ते बिस्किट घशाखाली उतरेना. याचे कारण सांगण्यासाठी वाचकांस वॉल्टनहून रेवसला आणावे लागेल.

आमचे घराणे अलिबाग तालुक्यातले. आमचे आजोबा व त्यांचे धाकटे बंधू दोघेही मुंबईस गिरगावात नोकरीला होते. १७ जुलै १९४७ रोजी, गुरुवारी, सकाळी आठाच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या 'रामदास' बोटीत ते दोघे बसले. दिव्यांची अवस आली होती. सणाला घरी जावे म्हणून त्या दिवशी बोटीवर गर्दी उसळली होती. स्वातंत्र्याला महिना उरला होता. पुढे काय झाले ते कुलाबा जिल्ह्यातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. मुंबई बंदराच्या तोंडाशी काशाच्या खडकाजवळ पावसात आणि वाऱ्यात बोट कलली, माणसे एका बाजूस धावली, आणि पाहता पाहता ती उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. मुंबईला बातमी पोचली तेव्हा दुपार उलटून गेली होती, आणि मुंबईत बातमी पोचल्यावर धावून जाणारी जीवनौका नव्हतीच.

धावून आले ते रेवसचे कोळी. ते मासळी घेऊन मुंबईकडे निघाले होते. पाण्यात माणसे दिसताच त्यांनी मासळी समुद्रात फेकून दिली आणि मचव्यांत माणसे भरली. त्यांतल्या एका मचव्यात आमचे काकाआजोबा होते. आजोबा नव्हते.

आजोबांचा देह सापडला नाही. आजीने तीन वर्षे पालाशविधी होऊ दिला नाही. तिचे म्हणणे एवढेच की एक भाऊ आला, तसा दुसराही कोणत्या तरी मचव्याने येईल. चौथ्या वर्षी ती आपण होऊन भटजींस बोलावू गेली. त्या दिवसापर्यंत संध्याकाळी रेवसच्या वाटेकडचे दार उघडे राही, असे आमचे वडील सांगत. काकाआजोबांनी या विषयावर आयुष्यात फार तर दहा वाक्ये उच्चारली असतील. आमच्या घरात मासळी वर्ज्य. पण बाजारातून जाताना मासळीचा वास आला की ते थबकत आणि त्यांचे डोळे भरून येत. दर नारळी पौर्णिमेस ते रेवसला जात, त्या तांडेलाच्या अंगणात ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या मचव्याच्या नाळेवर कुंकू लावीत, नारळ ठेवीत, आणि काही न बोलता परत येत. लहानपणी चार-पाच वेळा त्यांनी आम्हास बरोबर नेले. आमचे लक्ष नारळावर असे. तो परत मिळेल का, एवढीच आमची चिंता. तांडेलाची बायको आम्हास गुळपोहे देई. १९८८ साली काकाआजोबा वारले आणि ती चाल मोडली.

१९९४ साली आम्ही मुंबईच्या एका महाविद्यालयात नवे नवे लागलो होतो. सुट्टीत घरी गेलो असता त्या तांडेलाचा मुलगा आमच्याकडे आला. तो ओटीवर बसेना, पायरीवरच बसला. म्हणाला, "मास्तर, मचवा गेला आता. फळ्यांना कीड लागली, पानी भरतंय. सुतार बोलतो, खर्च करू नको, नवीन यंत्राची होडी घे." मग थोडे थांबून म्हणाला, "बापूस बोलायचा, ह्यात मानसं बसलीत, हा तोडू नको. तुम्ही शिकलेली मानसं. कुठं दोन वळी लिवा. कुनी ठेवला सांभाळून तर बरं."

आम्ही त्यास शब्द दिला. मुंबईस परतल्यावर एका कचेरीस पत्र लिहिले. कोणत्या, ते सांगण्यात आता अर्थ नाही. पत्र इंग्रजीत होते आणि, खरे सांगावयाचे तर, फार सुरेख होते. त्यात रामदास बोटीची हकीकत होती, कोळ्यांच्या पराक्रमाचे वर्णन होते, आणि शेवटी राष्ट्राच्या स्मृतीवर एक परिच्छेद होता. ते पत्र टंकलिखित करून आम्ही दोन मित्रांस वाचून दाखविले व त्यांनी वाहवा केली. उत्तर आले नाही. तीन महिने वाट पाहिली. पुढे परीक्षा आल्या, मग पेपर तपासणे आले, मग आमचे लग्न ठरले. आपण आपले कर्तव्य केले, सरकारी दप्तरदिरंगाईस कोण काय करणार, असे आम्ही अनेकदा आणि अनेकांपाशी बोललो. या विषयावर आम्ही चांगले बोलतो असा आमचा लौकिकही झाला. पुढच्या वर्षी रेवसला गेलो तेव्हा अंगणात मचवा नव्हता. तांडेलाच्या नातीचे लग्न झाले होते आणि त्या लग्नात पाणी तापविण्यास सरपण बाहेरून आणावे लागले नव्हते. त्याने आम्हास दोष दिला नाही. "सागाचं होतं, चांगलं जळलं," एवढेच म्हणाला.

वॉल्टनच्या मंडळींस आम्ही हे सांगितले नाही. सांगणार तरी कोणत्या तोंडाने? दुसऱ्या दिवशी मात्र आम्ही पुन्हा तेथे गेलो आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत घासत राहिलो. शिडीवरचे गृहस्थ म्हणाले, आज तुमचा हात बरा चालतो आहे. आमच्या कामातला निम्मा भाग त्यांस पुन्हा करावा लागला असणार यात शंका नाही, पण त्यांनी ते आमच्यासमोर केले नाही. निरोप घेताना त्यांनी आम्हास नौकेच्या आतल्या बाकावर पाच मिनिटे बसू दिले. ती काठावर उभी होती, हलत नव्हती. तरी कडेस हात टेकून बसल्यावर आम्ही मनाशी माणसे मोजू लागलो. येथे किती दाटीने बसली असतील? ९२ चा हिशेब आम्हास काही केल्या जमेना. रेवसच्या मचव्यात किती बसली होती हे तर आम्ही कधी काकाआजोबांना विचारलेच नव्हते.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडून रेवसला गेलो. जुना तांडेल नाही, त्याचा मुलगाही आता नाही. सुनेने ओळखले; नारळवाल्या म्हाताऱ्याचे तुम्ही, असे म्हणाली. मचव्याचे काही राहिले आहे का, असे विचारताच ती हसली आणि दारासमोरच्या गटाराकडे बोट केले. गटारावर येण्याजाण्यासाठी एक जाड फळी टाकलेली होती. एका बाजूस ती कमानीसारखी कोरलेली, वरच्या टोकास लोखंडी कडीचे भोक. ते सुकाणू होते. तीस वर्षे सगळे घर त्यावरून ये-जा करीत होते. लाकूड पायांनी घासून गुळगुळीत झाले होते, पण कुजलेले नव्हते.

आम्ही खाली बसून त्यावर हात फिरविला. वितीने मोजले, वहीत मापे लिहून घेतली, आणि मग भीत भीत विचारले की हे आम्ही नेले तर चालेल का. येथेच तालुक्याला कोठे तरी नीट ठेवण्याची खटपट करू, पत्रे लिहू. बाईने फळीकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले.

"न्या की," ती म्हणाली. "पन आधी गटारावर टाकायला दुसरी फळी आनून द्या. पोरं पडतील."

पुढच्या रविवारी आम्ही फळी नेली. ती दोन विती आखूड निघाली. मापे सुकाणूची घेतली होती, गटाराची घ्यावयाची राहिली होती. आता गटाराचे माप घेऊन आलो आहोत. सुतारास सांगितले आहे. पत्र त्याच रात्री लिहिले, या वेळी मराठीत आणि आठ ओळींचे. त्यास अजून उत्तर नाही.

दुसरे सोमवारी टाकावयाचे आहे.